शिकारीच्या रानाचे वारसदार

र्युसेल्सहाइम म्हटले की ओपेल आठवते. १८६२ मध्ये आडाम ओपेलने इथे शिवणयंत्रे बनवायला सुरुवात केली, १८८६ मध्ये सायकली आणि १८९९ मध्ये मोटारी आल्या, आणि माइन नदीच्या डाव्या काठावरचे हे लहानसे गाव जगाच्या नकाशावर गेले. फ्रँकफर्ट परिसरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे शहर ठाऊक असते ते कारखान्यांमुळे, विमानतळाच्या शेजारामुळे. पण याच शहराच्या आग्नेयेला, म्योर्फेल्डनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एक जुना शिकारवाडा उभा आहे. हेसेन-डार्मश्टाटचा संस्थानिक एर्न्स्ट लुडविग याने तो १७२९ मध्ये बांधून घेतला. म्योन्शब्रुखचा शिकारवाडा म्हणून तो ओळखला जातो. त्याच्या भोवतीची ओली कुरणे, ओकची जंगले आणि पाणथळ राने आज हेसेन राज्यातल्या सर्वांत मोठ्या संरक्षित क्षेत्रांपैकी एक आहेत.

संस्थानिक गेले, सरंजामशाही संपली, पण त्यांच्या जमिनी राहिल्या. शिकारीची राने, जहागिरीच्या शेतवाड्या, किल्ले, बागा. युरोपात गेली तीसेक वर्षे अशा जमिनींवर निसर्ग परत आणण्याची मोठी चळवळ चालू आहे. नद्यांचे बांध काढायचे, नांगर थांबवायचे, हरवलेले प्राणी परत सोडायचे आणि जुन्या वास्तू दुरुस्त करून लोकांसाठी खुल्या करायच्या. या सगळ्याकडे बहुधा पर्यावरणाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. मला तो आधी वारसाहक्काचा प्रश्न वाटतो. मालक गेल्यावर त्या रानाचा वारस कोण? सरकार, पैसेवाला नवा मालक, शास्त्रज्ञ, पक्षी की शेजारचे गाव? र्युसेल्सहाइमच्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिघात या प्रश्नाची चार-पाच वेगवेगळी उत्तरे शेजारी शेजारी पाहायला मिळतात, म्हणून हा आढावा तिथून घेतो.

सुरुवात शिकारीपासूनच करायला हवी, कारण आजच्या वादांची मुळे तिथे आहेत. एर्न्स्ट लुडविगला फ्रेंच पद्धतीच्या शिकारीचे वेड होते. एकच मोठा नर हरीण हेरायचा आणि शिकारी कुत्र्यांचा कळप मागे लावून तो थकून कोसळेपर्यंत घोड्यांवरून त्याचा पाठलाग करायचा. त्यासाठी जंगलात सरळ रेषेत लांबच लांब वाटा तोडाव्या लागत. रानातून चालताना अशा सरळ वाटा अजूनही भेटतात. या शौकावर आणि बांधकामांवर संस्थान कर्जात बुडाले. पण खरी किंमत मोजली ती कडेच्या गावांनी. हरणे आणि रानडुकरे पिकात घुसत, आणि ती मारण्याचा अधिकार शेतकऱ्याला नव्हता. शिकारीच्या वेळी हाकारे घालायला जाणे ही वेठ होती. जर्मन संस्थानांत अनेक ठिकाणी शेतकऱ्याच्या कुत्र्याच्या गळ्यात ओंडका अडकवण्याचा नियम होता, म्हणजे त्याने राजाच्या हरणामागे धावू नये. १७६८ मध्ये नवव्या लुडविगने ही पाठलागाची शिकार बंद केली, तरी शिकारीचा हक्क धन्याकडेच राहिला.

१८४८ च्या क्रांतीने तो मोडला. फ्रँकफर्टच्या पाउल्सकिर्शेमध्ये भरलेल्या पहिल्या जर्मन संसदेने दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करण्याचा सरंजामी हक्क रद्द ठरवला. लोकांनी आधीच बंदुका उचलल्या होत्या, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा राग त्यांनी प्राण्यांवर काढला. अनेक भागांतली हरणे त्या एक-दोन वर्षांत जवळजवळ संपली. रान ज्याचे, त्याच्याविषयी गावाच्या मनात जे असते, तेच शेवटी रानाच्या वाट्याला येते, हे इतक्या स्पष्टपणे इतिहासात क्वचितच दिसते.

त्यानंतर जर्मनीने जी व्यवस्था उभी केली ती आपल्याकडे फारशी माहीत नाही. शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी जोडला गेला. ज्याच्याकडे सलग ७५ हेक्टर जमीन आहे त्याचे स्वतःचे शिकारक्षेत्र होते. बाकी सगळ्या लहान शेतकऱ्यांच्या जमिनी मिळून गावाचे सामायिक शिकारक्षेत्र बनते, ते साधारणपणे किमान १५० हेक्टरांचे असावे लागते, आणि त्या शेतकऱ्यांची कायदेशीर मंडळी ते भाड्याने देते. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केले तर भरपाईची जबाबदारी या मंडळीवर येते, आणि ती बहुधा करारानेच शिकारीच्या भाडेकरूवर टाकलेली असते. यात दोष आहेत. शिकारी भाडेकरूंना हरणे भरपूर हवी असतात आणि वनखात्याला कोवळी रोपे वाचवायची असतात, त्यामुळे किती प्राणी मारावेत यावर दरवर्षी भांडणे होतात. तरीही मूळ गोष्ट मोलाची आहे. रानातल्या प्राण्याविषयी निर्णय घेणाऱ्यांत शेतकरी हक्काने बसतो.

म्योन्शब्रुखकडे परत येऊ. संस्थान गेल्यावर इथले रान राज्याकडे आले. आज सुमारे साडेनऊशे हेक्टरांचा हा पट्टा संरक्षित आहे. म्हातारे ओक, पाण्यात पाय रोवून उभे राहणारे आल्डर, आणि मध्ये मध्ये पसरलेली ओली कुरणे. वसंत सरता सरता या कुरणांत निळ्या-जांभळ्या सायबेरियन आयरिसचे ताटवे फुलतात. शिकारीसाठी राखलेल्या ठिपकेवाल्या हरणांचे वंशज अजून इथे चरतात. पाहणाऱ्याला वाटते, माणसाने हात लावला नाही म्हणून हे टिकले.

वस्तुस्थिती उलट आहे. ही कुरणे शेकडो वर्षे गवत कापून आणि गुरे चारून तयार झाली आहेत. कापणी थांबवली तर आधी उंच गवत, मग झुडपे आणि वीस-तीस वर्षांत जंगल. आयरिसला उजेड लागतो, तो जाईल. जमिनीवर घरटे करणारे पक्षी जातील. म्हणून इथे ठरावीक काळात, फुले बीजावर गेल्यानंतर, गवत कापले जाते आणि खत टाकायला बंदी असते. उशिरा कापलेल्या, कमी कसाच्या गवताला दुधाळ गुरे पाळणारा शेतकरी भाव देत नाही, म्हणून अशा कामासाठी राज्य शेतकऱ्यांशी करार करून मोबदला देते. जुन्या सरंजामी जमिनीवरच्या निसर्गाचा हा पहिला धडा आहे. तिथले पुष्कळसे वैभव शेतकऱ्याच्या हातचे आहे आणि तो हात काढून घेतला तर ते वैभवही जाते.

दुसरा धडा पाण्याचा, आणि तो जास्त कठीण आहे. ऱ्हाइनच्या या सपाट खोऱ्याला हेसेनचे रीड म्हणतात. एकेकाळी सगळा दलदलीचा मुलूख. विसाव्या शतकात, विशेषतः १९३० च्या दशकात, नाझी राजवटीने श्रमसेवेतल्या तरुणांना राबवून इथे चर खणले, दलदली कोरड्या केल्या आणि नवी शेतकरी गावे वसवली. महायुद्धानंतर फ्रँकफर्ट आणि आसपासची शहरे वाढली आणि रीडच्या विहिरींतून त्यांना पाणी जाऊ लागले. १९७० च्या दशकातल्या कोरड्या वर्षांत भूजल इतके खाली गेले की जुनी झाडे उभ्या उभ्या वाळली. मग १९८९ पासून बीबेसहाइम इथे ऱ्हाइनचे पाणी शुद्ध करून जमिनीत मुरवायला सुरुवात झाली. पण त्या कोरड्या दशकांत लोकांनी घरे बांधली होती, तळघरांसकट. पुढे पावसाळी वर्षे आली, भूजल वर चढले आणि कित्येक घरांच्या तळघरांत पाणी साचले. जंगल म्हणते पाणी वर आणा, घरमालक म्हणतो खाली ठेवा, भाजी पिकवणारा म्हणतो माझ्या पंपापुरते द्या, शहर म्हणते नळाला हवे. २०१० च्या दशकात राज्य सरकारने वनखाते, शेतकरी, पाणीपुरवठादार, नगरपालिका आणि निसर्गप्रेमी संस्था अशा सगळ्यांना एका टेबलाशी बसवले. सगळीकडे भूजल उंचावून जंगल वाचवणे खर्चाच्या मानाने झेपणारे नाही, असाच त्याचा सूर निघाला. निसर्गप्रेमी नाराज झाले, आणि त्यांची नाराजी मला पूर्ण समजते. तरी ती बैठक झाली हे मी महत्त्वाचे मानतो. मराठवाड्यात किंवा नगर जिल्ह्यात धरणाच्या पाण्यावरून वरचे आणि खालचे तालुके भांडतात, तेव्हा नदीचा किंवा झाडांचा वाटा मागायला त्या टेबलाशी कोणीच नसते.

म्योन्शब्रुखच्या शेजारच्या जंगलाने आणखी एक इतिहास पाहिला आहे. फ्रँकफर्ट विमानतळाची पश्चिमेकडची धावपट्टी याच जंगलातून नेण्याचे ठरले तेव्हा म्योर्फेल्डन, वाल्डोर्फ आणि आसपासच्या गावांनी विरोध उभारला. त्यात विद्यार्थी होते, तसेच पाद्री, गृहिणी, कामगार आणि निवृत्त माणसेही होती. लोकांनी जंगलात लाकडी झोपड्यांचे गाव वसवले, त्यात प्रार्थनेसाठी झोपडीवजा चर्चही होते. २ नोव्हेंबर १९८१ रोजी पोलिसांनी ते गाव उठवले. दोनच आठवड्यांत हेसेनची राजधानी वीसबाडेनला लाखाहून अधिक लोकांचा मोर्चा निघाला आणि सार्वमताच्या मागणीसाठी दोन लाखांवर सह्या जमा झाल्या. सार्वमत मिळाले नाही. एप्रिल १९८४ मध्ये धावपट्टी सुरू झाली. विरोधाच्या कडेला हिंसाही वाढत गेली आणि १९८७ मध्ये निदर्शनांच्या वेळी दोन पोलिसांचा गोळीबारात मृत्यू झाला. त्या शोकाचा आणि लाजेचा भार त्या गावांनी पुढे वाहिला.

जंगल त्या लढाईत हरले. पण ज्या गावांच्या पूर्वजांनी १८४८ मध्ये राजाच्या हरणांवर बंदुका रोखल्या होत्या, तीच गावे एकशेतीस वर्षांनी त्याच मुलखातल्या झाडांसाठी थंडीत रात्रभर जागत होती. मधल्या काळात रान त्यांचे झाले होते. रविवारच्या फेरफटक्याचे, सायकलीचे, अळंबी गोळा करण्याचे, लहानपणाचे. मालकीचा कागद राज्याकडे होता, वारसा गावांकडे आला होता. कुठलेही व्यवस्थापन आराखडे हे घडवू शकत नाहीत, आणि हे घडल्याशिवाय कुठलाही आराखडा टिकत नाही, असे माझे मत आहे.

आता दक्षिणेला सुमारे वीस किलोमीटर उतरून क्यूकोप्फला जाऊ, कारण या सगळ्या परिसरातले सर्वांत मोठे धाडस तिथे झाले. ऱ्हाइन इथे पूर्वी मोठे वळण घेत असे. क्लाउस क्र्योन्के या अभियंत्याच्या योजनेनुसार १८२८-२९ मध्ये वळणाच्या मानेतून कालवा काढून नदी सरळ केली गेली. पूर कमी व्हावेत, जहाजांची वाट जवळची व्हावी हा हेतू. जुने पात्र आणि नवे पात्र यांच्यामध्ये जे अडकले ते क्यूकोप्फ बेट. त्यावर गुंटर्सहाउझेन ही जहागिरीची शेतवाडी होती. मोठा वाडा, कोठारे, तबेले, फळबागा आणि उन्हाळी पुरांपासून राखण करणाऱ्या बांधांच्या आत शेकडो हेक्टर शेती. १९५२ मध्ये बेट आणि शेजारची क्नोब्लॉखसाउए मिळून संरक्षित क्षेत्र झाले. सुमारे २,४०० हेक्टरांचे हे क्षेत्र हेसेनमध्ये सर्वांत मोठे आहे. पण संरक्षण जाहीर झाल्यावरही तीस वर्षे बेटावर नांगर चालू होता आणि संरक्षित क्षेत्राच्या मधोमध गहू-बीट पिकत होते.

१९८३ च्या वसंतात ऱ्हाइनला लागोपाठ मोठे पूर आले आणि उन्हाळी बांध फुटले. नेहमीप्रमाणे बांध दुरुस्त करायचे, की नदीचे म्हणणे ऐकायचे, असा प्रश्न उभा राहिला. राज्याने बांध न बांधण्याचा निर्णय घेतला. बेटावरची शेती संपली आणि पुराला वाट मोकळी झाली. नांगरलेल्या शेतांचे पुढे काय झाले याचा अभ्यास तेव्हापासून चालू आहे. आधी उंच तण, मग विलोची झुडपे, वाहून आलेल्या बियांतून पॉपलर, आणि जरा उंच जागी हळूहळू ओक, एल्म, ॲश. कुठे नुसतेच बोरूचे रान. कोणी झाडे लावली नाहीत. आज काळ्या घारी इथे इतक्या दाट वस्तीने घरटी करतात की जर्मनीत तशी जागा क्वचितच सापडेल. पाणी ओसरताना उथळ डबक्यांत मासे अडकतात आणि करकोचे, बगळे तिथे जमतात.

म्योन्शब्रुखमध्ये हात काढला तर निसर्गाची श्रीमंती जाते आणि क्यूकोप्फमध्ये हात काढल्यावर ती आली. या विरोधाभासाचे उत्तर नदीत आहे. क्यूकोप्फला काम करणारी नदी आहे. ती गाळ आणते, झाडे उपटते, नवी जमीन उघडी करते, दरवर्षी सगळे विस्कटून पुन्हा मांडते. म्योन्शब्रुखला अशी नदी उरलेली नाही, तिथे तिचे काम विळा करतो. हात काढावा की ठेवावा हे तत्त्वावर ठरत नाही. त्या जागी निसर्गाचा मजूर शिल्लक आहे का, हे पाहून ठरते. या विषयावरचे निम्मे वाद हा साधा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

गुंटर्सहाउझेनच्या वाड्याचे काय झाले, हेही तितकेच बोलके आहे. शेती संपल्यावर शेतवाडीला अर्थ उरला नव्हता. रिकाम्या कोठारांचे जे होते तेच तिचे झाले असते. पण श्टॉकश्टाट आणि आसपासच्या गावांतल्या लोकांच्या आठवणी तिथे होत्या. कोणाचे आजोबा तिथे घोडे हाकत, कोणाच्या आजीने तिथे बीट उपटले होते. वास्तू वाचवण्यासाठी नागरिकांचे मदतमंडळ उभे राहिले, राज्याने पैसा घातला आणि आज तिथे राज्याच्या वनखात्याचे पर्यावरण-शिक्षण केंद्र आहे. शाळांच्या सहली येतात. शेतवाडीभोवतीच्या आणि बांधांवरच्या सफरचंदांच्या बागा मात्र रानात विरू दिल्या नाहीत. जुन्या वाणांची ती म्हातारी झाडे छाटली जातात, त्यांच्याखालचे गवत कापले जाते. म्हणजे एकाच बेटावर एका भागात हात पूर्ण काढलेला आणि दुसऱ्या भागात मुद्दाम ठेवलेला. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. बेटाच्या इतिहासातून शेतकरी पुसला गेला नाही, आणि गावकऱ्याला तिथे पाहुण्यासारखे वाटत नाही.

या निर्णयाची किंमतही गावांनी मोजली, हे सांगितले पाहिजे. पुराचे पाणी साचले की डास होतात, आणि ऱ्हाइनकाठचे डास सहन करण्यापलीकडचे असतात. वरच्या ऱ्हाइनच्या काठावरच्या गावांनी १९७६ मध्येच एकत्र येऊन डासनियंत्रणाची सामायिक संस्था काढली होती. ती एका जिवाणूपासून बनवलेले द्रव्य साचलेल्या पाण्यात, गरज पडली तर हेलिकॉप्टरने टाकते. हे द्रव्य डासांच्या अळ्यांवर नेमके काम करते, पण काही इतर सूक्ष्म कीटकांनाही त्याची झळ लागते आणि ते कीटक खाणाऱ्या पक्ष्यांचे काय, असा प्रश्न अभ्यासक विचारतात. ज्याच्या अंगणात संध्याकाळी बसता येत नाही त्याचे म्हणणे मला खोटे वाटत नाही, आणि पाकोळीची बाजू घेणाऱ्याचेही. हा वाद मिटलेला नाही.

युरोपात इतरत्र काय झाले त्याच्याशी ताडून पाहिले तर क्यूकोप्फची वाट अधिक स्पष्ट होते. नेदरलँड्समधल्या ओस्टफार्डर्सप्लासेनमध्ये समुद्रातून मिळवलेल्या जमिनीवर कुंपणाच्या आत घोडे, हरणे आणि रानटी दिसणारी गुरे सोडली आणि त्यांना त्यांच्या नशिबावर ठेवले. २०१७-१८ च्या हिवाळ्यात तीन हजारांहून अधिक जनावरे मेली किंवा उपाशी मरू नयेत म्हणून गोळी घालून मारावी लागली. लोक कुंपणावरून गवताच्या पेंढ्या फेकू लागले. शास्त्रज्ञांनी त्याला भावनेचा उद्रेक म्हटले. मला त्यात वेगळे दिसते. शेजाऱ्यांना कधी विचारले नव्हते, म्हणून शेजाऱ्यांनी शेवटी कुंपणापाशी येऊन आपले मत सांगितले. तिथली ती हेक जातीची गुरे ही एक धोक्याची खूणही आहे. लुट्झ आणि हाइंझ हेक या भावांनी नष्ट झालेल्या रानबैलाला ‘परत’ आणण्यासाठी ती निपजवली, आणि लुट्झला नाझी नेता ग्योरिंगचा आश्रय होता. शुद्ध, आदिम, माणसाविना निसर्ग ही कल्पना जर्मनीत कधी कोणाच्या हातात गेली होती, हे तिथले लोक विसरत नाहीत आणि आपणही विसरू नये.

इंग्लंडमधले नेप हे दुसरे टोक. चार्ली बरेल आणि इझाबेला ट्री या जोडप्याने सुमारे ३,५०० एकरांच्या वडिलोपार्जित जहागिरीवरची तोट्यातली शेती २००० नंतर थांबवली आणि ती गुरे, डुकरे, हरणांवर सोडली. बुलबुलासारख्या गाणाऱ्या नाइटिंगेल आणि दुर्मिळ होले तिथे परतले. निसर्गाच्या दृष्टीने हे यश निर्विवाद आहे. पण तिथे वारस बदलला नाही. निर्णय मालकाचा, उत्पन्न मालकाचे, आणि सुरुवातीला शेजारच्या शेतकऱ्यांना त्या तणांनी माजलेल्या शेतांचा राग आला तेव्हा त्यांना फक्त पाहत बसावे लागले. एका कुटुंबाच्या सद्बुद्धीवर उभे राहिलेले रान पुढच्या पिढीत कोणाच्या बुद्धीवर राहील, हे कोण सांगणार?

र्युसेल्सहाइम शहराच्या आतही या प्रश्नाची लहान रूपे आहेत. माइनकाठचा किल्ला काट्झेनेल्नबोगेनच्या सरदारांनी १३९९ च्या सुमारास उभारला, पुढे तो हेसेनच्या संस्थानिकांनी वाढवला आणि १६८९ मध्ये फ्रेंच सैन्याने सुरुंग लावून उडवला. याच सरदारांच्या दप्तरात १३ मार्च १४३५ ची एक नोंद आहे, रीसलिंग द्राक्षाची रोपे खरेदी केल्याची. रीसलिंगचा तो सर्वांत जुना लेखी पुरावा मानतात. आज या किल्ल्यात शहराचे संग्रहालय आहे. सरदारांऐवजी कामगारांचा इतिहास, हस्तकौशल्य ते कारखाना हा प्रवास मांडल्याबद्दल त्याला १९८० मध्ये युरोप परिषदेचा संग्रहालय-पुरस्कार मिळाला. किल्ल्याच्या शेजारी एकोणिसाव्या शतकात विल्हेल्मिने फोन फेर्ना या उमराव स्त्रीने उभी केलेली इंग्लिश धर्तीची बाग आहे. तिच्यात मुद्दाम बांधलेले भग्नावशेषही आहेत. आता ती शहराची सार्वजनिक बाग. तिच्यात रान आणायची गरज नाही, असे मला वाटते. कारखान्यातून सुटलेल्या माणसाला सावलीतला बाक हवा असतो, आणि बागेला बाग राहू देणे हेही जतनच आहे.

शहराच्या दक्षिणेकडचे उदाहरण मात्र विलक्षण आहे. १९२० मध्ये ओपेलने तिथे काँक्रीटची, उतरत्या वळणांची दीड किलोमीटरची लंबवर्तुळाकार धावपट्टी बांधली. तिथे शर्यती झाल्या, हजारो लोक आले, आणि एप्रिल १९२८ मध्ये रॉकेटवर चालणाऱ्या गाडीची चाचणीही झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचा वापर संपला. पाइन आणि बर्चने काँक्रीटच्या फटींत मुळे घातली. आज तिचा मोठा भाग जंगलात दडला आहे, ती संरक्षित वारसावास्तू आहे, आणि शहरे-गावे मिळून चालवत असलेल्या ऱ्हाइन-माइन प्रादेशिक उद्यानाने तिथे पाहण्यासाठी मनोरा-सज्जा उभारला आहे. काँक्रीट उखडले नाही, झाडेही तोडली नाहीत. दोन्ही एकत्र राहू दिले.

या कामांना पैसा कुठून येतो, हे कोणी फार बोलत नाही. जर्मनीत १९७६ च्या निसर्गसंरक्षण कायद्यापासून नियम आहे की रस्ता, वसाहत किंवा धावपट्टी बांधताना निसर्गाचे जे नुकसान होईल ते दुसरीकडे भरून द्यायचे. त्यातून गुणांचे खाते तयार झाले. नगरपालिका आधीच एखादा ओढा मोकळा करून, कुरण सुधारून गुण साठवते आणि नंतर बांधकामाच्या वेळी वापरते किंवा विकते. यामुळे अनेक ओढ्यांना खरोखर जीव आला. पण त्याचा अर्थ असाही होतो की एका ठिकाणचे रान सुधारायला दुसऱ्या ठिकाणचे मोडावे लागते. दोनशे वर्षांच्या ओकची भरपाई रोपांच्या रांगांनी होत नाही. आपल्याकडे २०१६ च्या प्रतिपूरक वनीकरण निधी कायद्याने हेच गणित पक्के केले आणि त्यात एक मोठा दोष जास्तीचा आहे. कित्येकदा ती भरपाईची झाडे गावाच्या गायरानावर किंवा आदिवासींच्या वहिवाटीच्या जमिनीवर लावली जातात.

इथून महाराष्ट्राकडे वळल्याशिवाय मराठी वाचकासाठी हा आढावा पुरा होणार नाही, कारण म्योन्शब्रुखचे सख्खे भाऊ आपल्याकडे आहेत. मुरुडजवळचे फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते. नवाबाने राखले म्हणून ते वाचले, आणि १९८६ मध्ये त्याचे अभयारण्य झाले. तिथल्या पाणवठ्यांना लोक ‘गाण’ म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण ही नावे शिकाऱ्यांनी किंवा वनखात्याने दिलेली नाहीत, त्या डोंगरावर गुरे वळणाऱ्यांची ती आहेत. कोल्हापूर संस्थानचे दाजीपूरचे शिकारीचे रान १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले, महाराष्ट्रातले पहिले. पुढे राधानगरी अभयारण्य म्हणून ते सुमारे ३५१ चौरस किलोमीटरांपर्यंत वाढले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले.

या रानांचा वारस कोण ठरला? कागदोपत्री राज्य. कडेच्या गावांच्या आणि धनगरवाड्यांच्या वाट्याला आली ती बंधने, रात्री उसात-भातात उतरणारे गवे, आणि नुकसानभरपाईसाठी पंचनामा, सातबारा घेऊन तालुक्याला घालायचे हेलपाटे. ही अठराव्या शतकातल्या हेसेनच्या शेतकऱ्याची जागा आहे. फरक इतका की हरणाच्या जागी गवा आहे आणि संस्थानिकाच्या जागी खाते. माझा आक्षेप गव्याच्या संरक्षणाला मुळीच नाही. दाजीपूरचे रान राखले नसते तर भोगावतीचे खोरे आज उघडे पडले असते. आक्षेप इतकाच की किती गवे, कोणत्या कुरणात, कोणत्या महिन्यात चराई, कुठे कुंपण, या चर्चेत धनगरवाडीला हक्काची खुर्ची नाही.

आणि ती खुर्ची देण्याची वाट आपल्याकडे जर्मनीपेक्षाही मोकळी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगलावर सामूहिक हक्क मिळू शकतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर तो मिळवला, देशात सर्वांत आधी. बांबूचे नियोजन, तोड, विक्री, राखण हे सगळे ग्रामसभा करते आणि निर्णय सर्वसहमतीने घेते. तिथे कोणीही ‘निसर्ग परत आणतो’ असे म्हटले नव्हते, तरी जंगल राखले गेले. कोकणातल्या देवरायांनी हेच शेकडो वर्षे केले. देवाच्या नावावर जमीन, गुरव-मानकऱ्यांची व्यवस्था आणि फांदी तोडायची तर कौल. ज्या देवरायांत मंदिराचा सिमेंटचा जीर्णोद्धार झाला तिथे झाडे गेली, कारण निर्णय गावकीकडून देणगीदारांकडे सरकला.

विदर्भ-मराठवाड्यातल्या देशमुखांच्या गढ्या, वतनदारांचे वाडे, त्यांच्या आमराया आणि बारवा यांचा विचार याच चौकटीत व्हायला हवा, आणि तो जवळपास होतच नाही. वारस पुण्या-मुंबईला किंवा थेट फ्रँकफर्टला, सातबाऱ्यावर चाळीस नावे, गढीची पांढरी माती शेतात टाकायला नेलेली, बारवेत कचरा. अलीकडे काही गावांत तरुणांनी बारवा उपसून स्वच्छ केल्या, त्या आनंदाच्या बातम्या आहेत. पण बारव साफ झाली तरी तिच्या पाणलोटातली टेकडी उघडी असेल तर ती पुन्हा आटते. गुंटर्सहाउझेनला वाडा आणि बेट यांचा विचार एकत्र झाला. आपल्याकडे वाडा पुरातत्त्व खात्याकडे, टेकडी वनखात्याकडे, गायरान महसुलाकडे आणि आठवणी म्हाताऱ्यांकडे अशी वाटणी झालेली आहे. गढी, आमराई, बारव आणि गायरान हे एकच प्रकरण म्हणून ग्रामसभेपुढे ठेवता आले, तर निम्मे काम होईल. त्यासाठी बाहेर गेलेल्या वारसांनी आपला हिस्सा विकून टाकण्याआधी गावाशी बोलायला हवे, आणि ही विनंती मी परदेशातल्या मराठी वाचकांना मनापासून करतो.

युरोपात आता सगळ्यांचे लक्ष निसर्ग-पुनर्स्थापनेच्या नव्या कायद्याकडे आहे. युरोपीय संघाने तो जून २०२४ मध्ये काठावरच्या पाठिंब्याने मंजूर केला आणि ऑगस्टमध्ये तो लागू झाला. २०३० पर्यंत संघाच्या जमीन आणि समुद्रक्षेत्राच्या किमान वीस टक्के भागावर पुनर्स्थापनेची कामे सुरू करायची आणि २५,००० किलोमीटर नद्या पुन्हा मोकळ्या वाहू द्यायच्या, असे उद्दिष्ट आहे. मंजुरीच्या आधी ट्रॅक्टर घेऊन शेतकरी ब्रसेल्सच्या रस्त्यांवर उतरले होते. त्यांच्या रागाची कारणे अनेक होती, पण आपल्या शेतावर काय व्हावे हे दूरवरून ठरते, ही भावना त्यात होतीच. प्रत्येक देशाने आपल्या आराखड्याचा मसुदा १ सप्टेंबर २०२६ पर्यंत द्यायचा आहे. हेसेनच्या रीडमध्ये त्याचा अर्थ अगदी ठोस असेल: कोणत्या चरांची तोंडे बुजवायची, कोणत्या गावाच्या तळघरांना किती पाणी सोसेल, गवत उशिरा कापणाऱ्याला हेक्टरमागे किती द्यायचे आणि भूजलातले म्योन्शब्रुखच्या आल्डरांना किती ठेवायचे. हे आकडे ठरवणाऱ्या बैठकांची सूचना त्या गावांच्या नगरपालिकांच्या फलकांवर वेळेवर लागते की नाही, हे मी पाहत राहणार आहे.